स्वखुशीने

निर्मलाबाई परात्यांचं अक्षर छाप्यासारखं होतं. खैरटोल्याच्या शाळेत त्या चौथीला शिकवत, पण आसपासच्या आठ-दहा गावांत त्यांना लोक ओळखत ते अक्षरामुळे. ग्रामपंचायतीचे अर्ज, लग्नपत्रिकेवरची नावं, कुणाच्या मुलाची नोकरीसाठीची विनंती, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्या मोहाडीच्या, विणकराच्या घरच्या. बापाच्या मागावरची किनार जशी कुठं सैल नाही की कुठं दाटली नाही, तशी यांची ओळ. नवरा भैय्यालाल साकोलीच्या बाजारात लुगड्यांचं दुकान चालवायचा. दोघं साकोलीतच राहत आणि बाई रोज सकाळच्या बसनं खैरटोल्याला जात.

शहात्तर सालचा हिवाळा. धान चुरणं, म्हणजे भाताची मळणी, अर्ध्यावर आली होती. आणीबाणीला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा मुलांना कवितेसारख्या पाठ झाल्या होत्या. एका सोमवारी हेडमास्तर यादोराव तालुक्याची मीटिंग आटोपून आले आणि शिक्षकांना खोलीत बसवून म्हणाले, "माणशी पाच केसेस. महिनाअखेर."

केस म्हणजे नसबंदीची केस. नाही दिली तर पगार बंद आणि बदली पार जंगलात. निर्मलाबाईंनी चार माणसं मिळवली. त्यांना चार-चार, पाच-पाच मुलं होती. ती कुरकुरत का होईना, तयार झाली. पाचवा मिळेना. शेवटचा दिवस दोनावर आला तेव्हा यादोराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, बाकीच्यांचं झालं. तुमच्या एकीच्या पायी शाळेचं नाव वरच्या साहेबांकडे तक्रारीत जाणार आहे."

त्या दिवशी बाईंना सुखराम कापगते आठवला.

सुखराम सव्वीस वर्षांचा. तलावाच्या पाळीखाली त्याची थोडी जमीन होती आणि तिचा पट्टा त्याच्या नावानं व्हायचा होता. तो अर्ज बाईंनीच लिहून दिला होता. बायको शेवंता, आणि दीड वर्षाची एक मुलगी, एवढंच घर. बाईंनी शाळेतल्या एका पोरीकडून निरोप धाडला की, पट्ट्याचं काम आलं आहे, उद्या या.

तो आला. धुतलेला सदरा घालून आला आणि येताना लाखोळीच्या कोवळ्या भाजीची जुडी घेऊन आला. शाळेपुढं ट्रक उभा होता, दोन शिपाई उभे होते. सुखरामनं ट्रककडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई फॉर्म भरत होत्या. वय अडतीस. अपत्ये तीन. खाली छापलेलं होतं, 'ही शस्त्रक्रिया मी स्वखुशीने करून घेत आहे.'

"बाई, हे पट्ट्याचंच होय ना जी?"

"हो," बाई म्हणाल्या.

त्यानं अंगठा उमटवला.

तीन दिवसांनी त्याला आणून सोडलं तेव्हा तो वाकून चालत होता. जखम चिघळली. महिनाभर तो खाटेवर होता आणि उरलेलं धान शेवंतानं एकटीनं चुरलं. पुढं मार्चात निवडणूक झाली, सरकार पडलं, साकोलीच्या चौकात पेढे वाटले गेले. बाईंनीही पेढा खाल्ला. सगळे म्हणत होते, हे सारं दिल्लीत बसलेल्यांनी केलं. बाईही तसंच म्हणू लागल्या. असं म्हटलं की बरं वाटायचं.

ऐंशी सालच्या जूनमध्ये सुखराम मुलीला पहिलीत घालायला आला. दाखलखारीज रजिस्टर बाईंपुढंच होतं. बाईंनी मान वर न करता मुलीचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली.

"लिहा," सुखराम म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं, पण वऱ्हांड्यातले लोक वळून पाहू लागले. "पोरगी एकच आहे. तुमी कागदावर तीन लिहिल्या होत्या, दवाखान्यातल्या बाबूनं मले वाचून दाखवलं. बाकीच्या दोघी कोठं आहेत थेही लिहा आता."

बाईंनी मुलीचं नाव लिहिलं. रकान्यातली ती ओळ वाकडी गेली. सुखराम मुलीचा हात धरून निघून गेला. त्या दिवशी घरी आल्यावर बाईंनी भैय्यालालला सांगितलं की, एक अडाणी माणूस सगळ्यांदेखत उर्मटपणे बोलला. नेमकं काय बोलला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात ते पुस्तक आलं.

साकोलीच्या एका लहानशा वाचनालयात टेकचंद नावाचा गृहस्थ पुस्तकं सांभाळायचा. बाई तिथल्या नेहमीच्या. टेकचंदनं कपाटामागून एक फाटकं पुस्तक काढून दिलं. "आणीबाणीत कोणती पुस्तकं आहेत म्हणून विचारायला माणूस आला होता," तो म्हणाला. "तेव्हा हे कोंड्याच्या पोत्यात ठेवलं होतं. पहिली पानं उंदरांनी खाल्ली. वाचून पाहा, बाकी चांगलं आहे."

मुखपृष्ठ नव्हतं, सुरुवातीची सोळा पानं नव्हती. नाव कळायला मार्गच नव्हता. कुठल्या तरी परक्या भाषेतून मराठीत आणलेली कादंबरी, एवढंच माणसांच्या नावांवरून समजत होतं. रविवारी दुपारी पंख्याखाली बाई ती घेऊन बसल्या.

त्या कादंबरीतल्या देशात कुणावर कसलीच सक्ती नव्हती. तसा तिथला कायदाच होता. सरकार कुणाचं घर पाडत नसे. ज्याचं घर तोच अर्ज करी, माझं घर पाडावं. पोराला दगडाच्या खाणीत न्यायचं तर बापच विनंती करी. तुरुंगात जाणारासुद्धा आधी कचेरीत जाऊन तुरुंग मागून घेई. प्रत्येक अर्जाच्या तळाला एकच वाक्य असे, 'हे मी आनंदाने मागत आहे.' रोज सकाळी भोंग्यावरून काल किती लोकांनी काय काय मागितलं याचे आकडे वाचून दाखवत, आणि आकडा रोज वाढे. गोष्ट होती एका सुताराची. तो सही करायला नकार देतो, एवढाच त्याचा गुन्हा.

बाई आधी मजेनं वाचत होत्या. मग पाय खाली सोडून ताठ बसल्या. भोंगा आला तेव्हा त्यांना भोंगा लावून साकोलीच्या बसस्टँडवर फिरणारी जीप दिसली. वर्तमानपत्रातला मजकूर पुसून टाकणारं खातं आलं, तेव्हा पंचाहत्तर सालच्या पेपरातली कोरी जागा दिसली. घरं पाडली गेली तिथं सडकेच्या कडेचे पानठेले दिसले, एका सकाळीत सपाट झालेले. त्या पेन्सिल घेऊन आल्या आणि समासात लिहू लागल्या. ही जीप. हे पेपर. हे पानठेले. लिहिताना त्यांना रागानं एक प्रकारचा जोर आला होता. कुठल्या मुलखातल्या, कधीच्या माणसानं हे लिहिलं असेल. त्याला आमचा तालुका कसा ठाऊक?

मग ते पान आलं. अर्ध्या पानाचाच मजकूर. विनंती कचेरीत एक लेखनिक बसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तो लिहून देतो. त्याचं अक्षर फार सुंदर आहे. लोक म्हणतात, याच्या हातचा अर्ज कधी परत येत नाही.

बाईंनी पुस्तक भिंतीवर फेकलं. भैय्यालाल आतून आला.

"काय झालं?"

"काही नाही."

त्यानं पुस्तक उचललं, चाळलं, समासातल्या नोंदी पाहिल्या. "कादंबरी आहे ही. कोण्या देशची गोष्ट, तू कायले अंगावर घेऊन राहिली?"

"त्यात मी आहे."

"वेडी आहेस काय? सगळ्याच मास्तरांनी केलं ते. तू एकटीनं नाही. मुकाट्यानं केलं नसतं तर घरी बसली असती."

"सगळ्यांनी केलं," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे. म्हणूनच तर झालं."

त्यांनी पुस्तक परत घेतलं आणि त्या पानाच्या समासात लिहिलं, 'निर्मला पराते, सहायक शिक्षिका, खैरटोला.' रागाचं तोंड इतके दिवस दिल्लीकडे होतं. ते आता घरात आलं होतं आणि कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या पुस्तक पिशवीत घालून खैरटोल्याला गेल्या. सुखराम अंगणात बांबूच्या कामट्या काढत होता. शेवंता ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. बसा असं कुणी म्हटलं नाही. बाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"सुखरामभाऊ, मले काही वाचून दाखवायचं आहे."

"कोनता कागद होय?"

"कागद नाही, पुस्तक आहे."

"पट्ट्याचं?" सुखराम म्हणाला आणि कामटी काढत राहिला.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. त्यानं थांबवलं नाही. दीड तास त्या वाचत होत्या. मधली पानं गोष्टीसारखी सांगत, महत्त्वाची वाचून दाखवत. सुताराची फाशी, कचेरीतल्या साहेबाचं वेड, सारं त्यात आलं. भोंगा आला तेव्हा सुखरामचा कोयता थांबला. बाप पोराला खाणीत पाठवायचा अर्ज करतो, तिथं तो म्हणाला, "बरोबर. अस्संच." एकदा तो हसलाही, पण ते हसू ऐकवत नव्हतं. मग बाईंनी ते अर्धं पान वाचलं. एकही शब्द न गाळता वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"मंग थ्या लिहिनाऱ्याचं पुढं काय झालं?" सुखरामनं विचारलं.

"पुढं तो नाही."

"पानं किती आहेत पुस्तकाले?"

"दोनशे नव्वद."

"अन् थो एकाच पानावर?"

"हो."

"मेला?"

"नाही."

"पकडला?"

"नाही. ज्यानं पुस्तक लिहिलं तो विसरला असेल त्याला."

"इसरला नसन," सुखराम म्हणाला. "पुस्तक लिहिनाराही लिहिनाराच होय ना. सुताराले फाशी देल्ली, सायबाले येडा केला, अन् आपल्या भावाले सोडून देल्लं."

बाईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "नागपूरला आता कापलेली नस परत जोडून देतात म्हणे. मी चौकशी केली आहे. तुमच्या नावानं अर्ज लिहून—"

सुखराम उठला. कोयता त्यानं जाणूनबुजून खाली ठेवला. "उठा बाई. माह्या नावाचा आखीन एक अर्ज लिहाल तं हात तोडीन तुमचा. मी पुन्हा कोनाच्या टेबलावर झोपनार नाही. जा."

शेवंता खाली मान घालून पाखडत होती. बाई निघाल्या. सडकेपर्यंतच्या वाटेवर त्यांना रडू आलं नाही. राग आला. सुखरामचा नाही, तो जे बोलला त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. राग आला तो या गोष्टीचा की, यादोराव रोज सकाळी तुळशीला पाणी घालून, गंध लावून शाळेत येतात आणि त्यांची झोप मोडत नाही. ज्या साहेबांनी आकडे मागितले ते बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ट्रकवाला दुसरा माल वाहतो. कोणीही कोणाला विचारत नाही, आणि तेच लोक पुन्हा निवडून येऊन भाषणं देत आहेत.

पुस्तक परत करायला गेल्या तेव्हा टेकचंदनं समास पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, हे खोडून द्या. तुमचं नाव आहे यात. उद्या पुन्हा तसं वारं सुटलं तर?"

"सुटू दे. राहू दे नाव."

पुढची दोन वर्षं बाईंनी एक काम केलं. खैरटोल्यात आणि शेजारच्या टोल्या-वस्त्यांवर ज्यांना ट्रकमधून नेलं होतं, त्यांच्या घरी जाऊन विचारलं. काहींनी दार लावून घेतलं. एकाचं लग्नच झालेलं नव्हतं तेव्हा. एकाचं वय एकसष्ट होतं. बाईंनी सगळं एका वहीत लिहिलं. कशासाठी लिहितो आहोत ते त्यांना नीट माहीत नव्हतं.

त्र्याऐंशी साली यादोराव निवृत्त होणार होते. शिक्षकदिनी मोठा सत्कार ठरला. मानपत्र कुणी लिहायचं हा प्रश्नच नव्हता. समितीनं मजकूर आणून दिला आणि निर्मलाबाईंनी सोनेरी किनारीचा कागद पुढ्यात घेतला. 'विद्यार्थ्यांचे लाडके', 'शिस्तीचे भोक्ते', सारं त्यांनी सुरेख अक्षरात उतरवलं. मग ओळ आली, 'राष्ट्रीय कार्यक्रमात चाळीस कुटुंबांना स्वखुशीने सहभागी करून घेतले.'

ही ओळ त्यांनी लिहिली नाही. त्या जागी त्यांनी वही पुढ्यात घेऊन दुसरा मजकूर लिहिला, तितक्याच सुरेख अक्षरात.

समारंभाला तालुक्याचे साहेब होते, सरपंच होते, चारशे माणूस होतं. मानपत्र वाचायलाही बाईच उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत म्हणून. अर्धं वाचून झालं. यादोराव हात जोडून ऐकत होते.

"शहात्तर सालच्या हिवाळ्यात," बाई वाचू लागल्या, "यादोराव गुरुजींनी आम्हा शिक्षकांकडून माणसं मागितली आणि आम्ही ती दिली. मी पाच दिली. त्यातल्या सुखराम कापगते यांना मी पट्ट्याचं काम आहे असं खोटं सांगून बोलावलं. त्यांचं वय सव्वीस होतं, मी अडतीस लिहिलं. त्यांना एक मुलगी होती, मी तीन मुलं लिहिली. धनीराम यांचं लग्न झालेलं नव्हतं—"

कुणीतरी माइक बंद केला. बाईंनी आवाज वाढवला. धनीरामनंतर परसराम, मग बाकीचे. ज्यांनी नाव घेऊ नका म्हटलं होतं, त्यांचं फक्त वय सांगितलं. मंडपात मागं बसलेली काही माणसं उठून उभी राहिली. घोषणा नाही, टाळ्या नाहीत. नुसती उभी राहिली. त्यांत सुखराम नव्हता. तो आलाच नव्हता.

यादोराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे काय चाललंय? फॉर्म तर तुम्हीच भरले होते."

"हो," बाई म्हणाल्या. "तेच सांगून राहिली मी."

पंधरा दिवसांत नोटीस आली. चौकशी लागली ती निर्मलाबाईंची. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं सभ्यपणे विचारलं, "खोट्या नोंदी केल्याचं कबूल आहे?"

"आहे."

"कोणी सांगितलं होतं?"

"हेडमास्तरांनी. त्यांना वरून."

"लेखी आदेश दाखवू शकाल?"

"लेखी कोण देतं?"

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आदेश नाही. मग ते तुम्ही स्वखुशीनेच केलं, असंच धरावं लागेल."

 बाईंच्या अंगाची आग आग झाली. "लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "हाच शब्द लिहा हुकमात. माझ्याबद्दल तो निम्मा तरी खरा आहे. पण मग बाकीच्यांपुढंही लिहा. सक्ती कोणीच केली नव्हती, असं एकदा लिहून टाका म्हणजे लोकांना तुम्ही कोण ते कळेल."

तो शब्द हुकमात आला नाही. 'गंभीर हयगय' आलं. दोन वेतनवाढी बंद झाल्या आणि बदली झाली चिखल्याला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मॅंगनीजच्या खाणीपाशी. यादोराव ठरल्या तारखेला निवृत्त झाले आणि त्यांचं मानपत्र नागपूरहून छापून आणलं गेलं. भैय्यालाल महिनाभर बाईंशी धड बोलला नाही, मग एका सकाळी न सांगता त्यांची ट्रंक बसवर चढवून आला.

चिखल्यात बाई खोली घेऊन एकट्या राहत. खाणकामगारांच्या पोरांना शिकवत, सुट्टीत साकोलीला येत.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत साकोलीच्या बाजाराच्या दिवशी शेवंता भेटली. पानठेल्यांच्या रांगेपुढं, डोक्यावर टोपली. बाईंनी ओळखलं आणि थांबल्या. शेवंतानं टोपली खाली उतरवली.

"बरे आहेत सुखरामभाऊ?"

"आहेत. तुमचं नाव निघालं का उठून जातेत."

बाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं, बोलणं संपलं.

"थांबा," शेवंता म्हणाली. ती कधी इतकं बोललेली बाईंनी ऐकली नव्हती. "तुमी आमच्या आंगनात येऊन पुस्तक वाचलं, मी आयकलं. मांडवात त्याहिचं नाव घेतलं, थेही लोकाहिनं सांगतलं. सारं त्याहिच्याच नावानं. मले कोनी काई इचारलं? सासू मेली तवापर्यंत मले वांझ म्हनत होती, एक पोरगी असून. त्याहिनं रागात मले मारलं, दोनदा. पोट माहं होतं ना बाई? तुमच्या फारमावर माहं नाव कोठं होतं?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वहीत?"

बाईंना वही आठवली. बेचाळीस पानं. एकाही पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"तुमी बाईमानूस असून," शेवंता म्हणाली.  "पुस्तकातल्या थ्या सुताराले बायको नोती का? तिचं तुमी काईच वाचलं नाही."

बाईंना चिखल्याला परत नेणारी तुमसरची बस लागली होती. कंडक्टर हाका मारत होता. बाईंनी बसकडे पाहिलं, मग रस्त्याच्या कडेला एका दगडावर पिशवी ठेवली आणि खाली बसल्या.

"बोल शेवंता," त्या म्हणाल्या.

शेवंताही टोपलीशी बसली आणि बोलू लागली, तिखट, न थांबता, बाजारातल्या बायका वळून पाहत होत्या तरी. बाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. बस निघून गेली.